नाव बदलले आहे

बातमीतल्या माणसाचं खरं नाव छापायचं नसेल, तर पहिल्या उल्लेखानंतर कंसात तीन शब्द टाकायची आमच्याकडे पद्धत होती : नाव बदलले आहे. या तीन शब्दांवर माझा एके काळी फार विश्वास होता. ते टाकले की आपली जबाबदारी संपली, असं मी समजत असे. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत नव्या वार्ताहरांना शिकवायचं काम माझ्याकडे आलं, तेव्हा या कंसावर मी एक अख्खा तास घ्यायचे. मुलं कंटाळायची. त्यांना त्यामागची हकिकत मी कधी सांगितली नाही. ती आता लिहिते आहे.

मी पुण्यातल्या एका मराठी दैनिकात आरोग्य खातं बघत होते. वार्ताहराला नेमून दिलेल्या विषयाला आम्ही बीट म्हणतो. गुन्हे, महापालिका, राजकारण ही मानाची बीटं. आरोग्य मला मिळालं, कारण मी बाई होते आणि ते दुसऱ्या कुणाला नको होतं. आमचे मुख्य उपसंपादक गद्रे यांनी मला ते पहिल्याच दिवशी समजावून सांगितलं. "दवाखान्यात फिनेलचा वास येतो, महापालिकेत चहाचा. पुरुषमंडळी चहाकडे जातात. तुम्ही लिहा मन लावून, कुणी आड येणार नाही." बातमी कुणाचीही असो, छपाईला जाण्यापूर्वी ती गद्र्यांच्या लाल पेनाखालून जात असे. आणि कुणी आड येणार नाही, हे त्यांचं म्हणणं खरं ठरलं.

आरोग्याच्या बीटात मानसिक आरोग्य हा कोपऱ्यातला विषय. वर्षातून एका दिवशी त्याची बातमी यायची. मंत्री भाषण करत, तणावमुक्त जीवनाचा संदेश देत, फोटो निघे. उरलेल्या दिवसांत शासनाचं धोरण काय चाललं आहे, हे बघायला नदीपलीकडच्या सरकारी मनोरुग्णालयात जावं लागे. पुण्यात कुणाला वेडा म्हणायचं असेल तर लोक सरळ त्या उपनगराचं नाव घेतात. हा विनोद पुण्यात इतका जुना आहे की त्याला कुणी हसतही नाही. मी ते नाव इथे घेत नाही.

धोरण हा शब्द मोठा आहे. ते कुठे दिसतं, हे मला मार्केट यार्डातल्या एका हमालानं शिकवलं. त्याच्या धाकट्या भावाला आजार होता आणि तो त्याला स्वतःजवळ ठेवून सांभाळत होता. जिल्ह्याजिल्ह्यांत बाह्यरुग्ण विभाग उघडून गोळ्या घराजवळ द्यायच्या, असं धोरण तेव्हा नुकतंच जाहीर झालं होतं. मी त्याला विचारलं, तुम्हाला फायदा झाला का? तो कांद्याच्या गोणीवर बसला होता. म्हणाला, "झाला की. गोळ्या मंगळवारी संपतात, डॉक्टर गुरुवारी येतात. मधला बुधवार तेवढा तुमच्या पेपरात घाला." मी घातला. दोन महिन्यांनी डॉक्टरांचा वार बदलला. माझ्या नोकरीत ज्या थोड्या बातम्यांचा उपयोग झाला असं मी छातीठोकपणे सांगू शकते, त्यांत ही पहिली.

दुसरी बातमी याहून मोठी झाली. तिच्याबद्दल छातीठोकपणे काही सांगता येत नाही.

इंग्रजांच्या काळातला वेड्यांचा कायदा जाऊन नवा कायदा लागू झाल्याला तेव्हा काही वर्षं झाली होती. जुन्या कायद्यात वेडा हा शब्द होता, नव्यात मनोरुग्ण आला. दरवाजा मात्र बराचसा पूर्वीसारखाच चालत होता. माणूस आत जायचा तो न्यायदंडाधिकाऱ्याच्या आदेशानं किंवा नातेवाइकांच्या अर्जानं. बाहेर यायचा तो नातेवाईक न्यायला आले तर. कागदावर आणखी वाटा होत्या, व्यवहारात ही एकच. त्यामुळे आत अशी माणसं साठली होती, ज्यांचा आजार आटोक्यात होता, गोळ्या वेळेवर घेत होती, स्वयंपाकघरात किंवा बागेत काम करत होती, आणि ज्यांना न्यायला कुणी येत नव्हतं. कर्मचारी त्यांना 'न नेलेले' म्हणत.

न नेलेल्यांची घरं शोधण्याचं काम काझी सरांकडे होतं. समाजसेवा अधीक्षक असं त्यांचं पद. कसबा पेठेत त्यांच्या कितीतरी पिढ्या गेलेल्या, बोलणं अस्सल पेठेतलं. डॉक्टर आजार शोधत, काझी पत्ते शोधत. दाखल करताना घरच्यांनी पत्ता दिलेला असायचाच. पण तिथे गेलं की कधी शाळा निघे, कधी मोकळं माळरान. "दाखल करताना दिलेला पत्ता हा पत्ता नसतो," काझी म्हणायचे, "ती इच्छा असते."

मग ते रुग्णाशी गप्पा मारत बसत. गाव कुठलं, असं थेट विचारत नसत. तुमच्याकडे आठवड्याचा बाजार कोणत्या वारी? एसटी शेवटी कुठे वळते? जत्रेला पालखी येते की छबिना? भात लावता की ज्वारी पेरता? अशा उत्तरांवरून ते गाव काढायचे आणि सुटीच्या दिवशी जाऊन यायचे. मी एकदा म्हटलं, सर, तुम्ही आमच्याकडे हवे होता. ते म्हणाले, "तुम्ही सापडलेलं छापता. मी सापडलेलं लपवतो. आपलं जमायचं नाही."

मला वाटलं, ते गमतीनं बोलतायत.

न नेलेल्यांवर रविवारच्या पुरवणीत मोठा लेख करायचं मी ठरवलं. काझी बरेच दिवस नाही म्हणाले, मग तीन अटींवर तयार झाले. नाव नाही, गाव नाही, फोटो नाही. तिन्ही मी मान्य केल्या आणि तिन्ही पाळल्या. त्यांनी मला एका बाईची भेट घालून दिली. लेखात मी तिला मंगल म्हटलं, इथेही मंगलच म्हणते; तिच्या हकिकतीतली गावंही बदलली आहेत.

मंगल तेव्हा चाळिशीच्या आत होती. हिंजवडीच्या बाजूच्या एका गावातली. तिकडे तेव्हा भाताची खाचरं होती आणि कंपन्यांचे बोर्ड नुकते लागत होते. पहिल्या बाळंतपणानंतर तिला आजार झाला. मूल राहिलं नाही. सासरच्यांनी माहेरी आणून सोडलं, माहेरी वडिलांनी वर्षभर देवऋषी केले आणि मग इथे आणलं. वडील असेपर्यंत अधूनमधून भेटायला येत. ते गेल्यावर कुणी आलं नाही. आत येऊन तिला अकरा वर्षं झाली होती. त्यांतली निम्मी तरी ती ठणठणीत होती.

आम्ही स्त्रियांच्या विभागाच्या व्हरांड्यात बसलो. तिच्याजवळ कापडी पिशवी होती, तोंड दोरीनं बांधलेली. काझी घर शोधून जाऊन आल्यावर भावानं भाऊबीजेला घरी न्यायचं कबूल केलं होतं. नवरात्र अजून बसायचं होतं, तरी पिशवी भरून झाली होती.

"तुमी पेपरात लिवनार म्हंजे खरं लिवनार का?" तिनं विचारलं.

"खरंच लिहिते."

"मग आमची झाडं लिवा."

तिच्या घरामागे विहिरीला लागून तीन नारळ होते. तिघा भावंडांच्या नावानं वडिलांनी लावलेले. तिसरं भावंड लहानपणीच गेलं. मधल्या झाडावर वीज पडली आणि शेंडा जळून गेला, नुसतं खोड उभं राहिलं. वडिलांनी ते कुणाला तोडू दिलं नाही. वीज पडली तेव्हा मंगल विहिरीवर धुणं धूत होती.

"हितं सांगितलं तर बाया हसत्यात," ती म्हणाली. "बिनशेंड्याचा नारळ कुठं असतो व्हय, म्हनत्यात. डॉक्टरास्नी सांगितलं तर ते लिवून घेत्यात. लिवून घेतलं की मला भ्या वाटतं."

"का?"

"औशीद वाढतं."

मी झाडं लिहून घेतली. माझ्या लिहून घेण्याची तिला भीती वाटली नाही.

लेख तयार झाला. गद्र्यांनी तो उभ्यानं वाचला, मग बसून पुन्हा वाचला. शासनाचा भाग त्यांनी निम्मा कापला. "हे परिपत्रक आहे, वाचकाला झोप येईल. बातमी उभी आहे ती या तीन झाडांवर." मग लाल पेन झाडांच्या वाक्यावर ठेवून विचारलं, "यावरून कुणी घर ओळखेल का?"

मी म्हटलं, "नारळाची झाडं पुण्यात काय कमी आहेत? दर दुसऱ्या बंगल्यात आहेत."

गद्र्यांनी पेन उचललं.

या जागी मी नंतर पुष्कळदा थांबले आहे. माझं वाक्य पुण्यापुरतं खरं होतं. मी शहरात वाढले. आमच्याकडे घर ओळखतात ते गल्लीवरून, इमारतीच्या नावावरून, दारावरच्या पाटीवरून. भातशेतीच्या गावात घराला पाटी नसते. तिथे झाड हाच पत्ता असतो. रुग्ण अशाच खुणांवरून गाव सांगतात आणि काझी अशाच खुणांवरून ते शोधतात, हे मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, त्याच लेखात कौतुकानं लिहिलंही होतं. तरी मला सुचलं नाही. काझींना छापण्यापूर्वी लेख दाखवला असता तर त्यांच्या पहिल्या वाचनात ते लक्षात आलं असतं. ते त्या विहिरीवर पाणी पिऊन आले होते. पण मजकूर छापण्यापूर्वी संबंधितांना दाखवायचा नाही, हा आमच्याकडचा पहिला नियम. तो मोडणारा वार्ताहर कच्चा समजला जाई. मी कच्ची नव्हते.

लेख रविवारी आला. मंगल, कंसात नाव बदलले आहे. गाव नाही, तालुकाही नाही, फोटो नाही. आणि तीन नारळ, मधल्याला शेंडा नाही.

चौथ्या दिवशी दुपारी खालून निरोप आला की कुणीतरी भेटायला आलं आहे. स्वागतकक्षात पन्नाशीला आलेला एक माणूस टोपी गुडघ्यावर ठेवून बसला होता. पुरवणीचं पान त्याच्या हातात चार घड्या घातलेलं होतं. मंगलचा भाऊ. मी चहा सांगितला. त्यानं नको म्हणून हात केला.

"हे तुमी लिवलं?"

"हो."

"चांगलं लिवलंय. गावात समद्यांनी वाचलं. ज्याला येत न्हाई त्याला वाचून दावलं."

मी म्हटलं, मी नाव छापलेलं नाही, गावही नाही.

"नाव बदललं, म्याडम," तो म्हणाला. "झाडं बदलली न्हाईत."

मग त्यानं जे सांगितलं, ते मला माहीत नव्हतं. मंगल आळंदीला एका मठात राहते, सेवा करते, असं घरच्यांनी गावात सांगितलं होतं. अकरा वर्षं तेच सांगत आले होते. काझींना हे ठाऊक होतं. किंबहुना तिनं घरी जायचं ते याच वाटेनं जायचं, असं भावानं आणि काझींनी मिळून ठरवलं होतं. भाऊबीजेला ती आळंदीहून येणार होती. मठातली दिनचर्या काय असते, हे काझींनी तिच्याकडून पाठ करून घेतलं होतं. कुणी विचारलं तर अडखळायला नको.

"गाव आता इचारतंय," भाऊ म्हणाला, "आळंदीला वेड्यांचं हॉस्पिटल कवा झालं?"

तो रागावला असता तर मला बोलता आलं असतं. वार्ताहराला रागावलेली माणसं हाताळता येतात. मी विचारलं, आता सगळ्यांना कळलंच आहे, तर न्यायला काय हरकत आहे? ती बरी आहे.

"ती बरी हाय, मला ठावं हाय. मी काझी सायबाला शब्द दिला व्हता." त्यानं पान आणखी एकदा दुमडलं. "घरात पोरगी हाय. चार वर्सांनी तिचं बघावं लागंल. आळंदीची आत्या असली तर लोक पाया पडत्यात. वेड्यांच्या हॉस्पिटलातली आत्या असली तर पाहुनं पानी न पिता उठत्यात. तुमाला ह्ये चूक वाटतंय. मला बी वाटतंय."

तो उठला. दाराशी थांबून म्हणाला, "तिला सांगा कुनीतरी. मला जमायचं न्हाई."

मी काझींना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "उद्या या. तिला तुम्ही सांगा. बातमी तुमची आहे."

दुसऱ्या दिवशी व्हरांड्यात मंगल माझी वाटच बघत होती. कुणीतरी तिला पान दिलं होतं, तिनं लेख नखानं फाडून वेगळा केला होता. वाचता बेताचं यायचं. पण ते एक वाक्य तिला पाठ झालं होतं. बोटानं दाखवून तिनं मला ते म्हणून दाखवलं.

"आता बाया हसत न्हाईत," ती म्हणाली. "डॉक्टरबाईंनी बी वाचलं. पेपरात आलं म्हंजे ते खरं असतं. मला भास व्हत न्हवता."

मी सांगितलं की या भाऊबीजेला भाऊ येणार नाही. तिनं विचारलं, का? मी म्हटलं, घरात काही अडचण आहे. तिनं विचारलं, मग पुढच्या? मी म्हटलं, बघू. काझी माझ्या मागे उभे होते. त्यांनी काही भर घातली नाही, दुरुस्तीही केली नाही. मंगलनं कात्रणाची घडी घालून पिशवीत ठेवली आणि दोरी पुन्हा बांधली.

बातमीदारी सत्य सांगण्याचा धंदा आहे, असं म्हणतात. त्या दिवशी एका माणसाला एक सत्य तोंडावर सांगायचं होतं, आणि मी 'घरात अडचण' एवढंच सांगून परत आले.

इकडे लेख गाजत होता. विधिमंडळात प्रश्न विचारला गेला. खात्याचं परिपत्रक निघालं : बरे झालेल्या रुग्णांच्या याद्या कराव्यात, त्यांना कुटुंबात पोहोचवण्याची व्यवस्था करावी. शेवटचा परिच्छेद असा होता की, नातेवाइकांनी नकार दिल्यास योग्य ती कार्यवाही करावी. मी आरोग्य खात्यातल्या एका अधिकाऱ्याला भेटायला गेले.

"योग्य ती म्हणजे कोणती?"

"जी योग्य असेल ती."

"हे छापू का?"

"छापा. फक्त माझं नाव बदला."

गाड्या निघाल्या. काही लोक घरी गेले आणि राहिले, हे नमूद करायला हवं. काही जण दारातून परत आले. एका म्हाताऱ्याला मुलानं घरात घेतलं, सोबतच्या शिपायाला चहा पाजला, पोहोच लिहून दिली आणि आठवड्याभरात रेल्वे स्टेशनवर सोडून दिलं. काझी तेव्हा म्हणाले, "पोहोचवणं शासनाच्या हातात आहे. घेणं कुणाच्या हातात आहे, ते परिपत्रकात लिहायचं राहिलं."

मला त्या लेखासाठी एक पुरस्कार मिळाला. समारंभात झाडांचं वाक्य व्यासपीठावरून वाचून दाखवलं गेलं. माझ्या शेजारी बसलेल्या गद्र्यांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. भाऊ कार्यालयात येऊन गेल्याचं त्यांना ठाऊक होतं. परत जाताना रिक्षात ते एवढंच म्हणाले, "मी पेन उचलायला नको होतं." मी म्हटलं, उचलायला मीच लावलं. तो विषय आमच्यात पुन्हा निघाला नाही. पण त्यानंतर नाव बदललेली कुठलीही बातमी टेबलावर आली की ते ती माझ्याकडे सरकवत आणि विचारत, "यात झाडं कुठे आहेत?" नवीन मुलांना वाटायचं, साहेबांना बागकामाचा नाद आहे.

मंगलकडे मी जात राहिले. आधी बातमीच्या निमित्तानं, मग निमित्ताशिवाय. काझी निवृत्त झाले. आणखी एक नवा कायदा आला. केवळ कुटुंब नाही किंवा घर नाही म्हणून कुणाला मनोरुग्णालयात ठेवता येणार नाही, असं त्यात स्पष्ट लिहिलेलं आहे. ते मी कायद्याच्या मसुद्यात पहिल्यांदा वाचलं तेव्हा त्या ओळीखाली रेघ मारली होती. पण कायदा झाला म्हणजे घर झालं असं नाही. पुनर्वसनगृहं निघायला आणखी काही वर्षं, काही याचिका आणि बरीच स्मरणपत्रं लागली. शेवटी शहराच्या कडेच्या एका इमारतीत चार बायकांना मिळून तीन खोल्यांची जागा मिळाली. मंगल त्या चौघींतली एक. आत गेली तेव्हा तिची पंचविशीही उलटली नव्हती. बाहेर आली तेव्हा साठी झाली होती. दाराला आतून कडी आहे. पहिल्या दिवशी तिनं ती चार-पाच वेळा लावून आणि काढून पाहिली.

आत्ताचा हा लेख लिहिण्याचं आमंत्रण आलं तेव्हा मी ठरवलं की आमचा पहिला नियम या वेळी मोडायचा. मजकूर लिहून झाला, तो घेऊन मी तिच्याकडे गेले. ती तांदूळ निवडत होती. मी म्हटलं, तुमच्याबद्दल लिहिलंय, वाचून दाखवते, नको वाटलं तर छापणार नाही. ती म्हणाली, वाचा.

मी सुरुवातीपासून वाचलं. बुधवारचं ऐकून हसली. गद्र्यांना मी दिलेलं उत्तर आलं, तेव्हा तिचे हात थांबले. भावाचा भाग आला, मी थांबले नाही. झाडांमुळे घर ओळखलं गेलं आणि त्यामुळे तो आला नाही, हे मी तिच्यासमोर पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं, तेही कागदावरून वाचून. वाचून संपलं. ती तांदळात बोटं फिरवत राहिली.

"मला ठावं व्हतं," ती म्हणाली. "काझी सायबांनी तवाच सांगितलं. तुमी गेल्यावर, त्याच दिशी."

"मग तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तुमी सांगाल म्हनून थांबले."

मी क्षमा मागितली. तिनं ती घेतली की नाही, ते कळलं नाही. सूप बाजूला ठेवून तिनं ट्रंकेतून तीच पिशवी काढली आणि कात्रण बाहेर घेतलं. घडीवर फाटलेलं, मागून चिकटपट्टी लावलेलं. ते तिनं माझ्या हातात दिलं नाही, नुसतं दाखवलं.

"ह्ये मीच तुमाला लिवा म्हनले व्हते. त्ये तुमच्या कागदात आलंय, बरं झालं. समदं तुमच्यावर घेऊ नका." मग म्हणाली, "भाऊ आलता गेल्या भाऊबीजेला. हितं. अर्धा घंटा बसला."

"घरी चल म्हणाला?"

"न्हाई. मी ओवाळलं. झाडं हायत का, इचारलं. हायत, म्हनला. गावात आता वळखीचं कोन ऱ्हायलंय? समदी कंपनीतली भाडेकरू पोरं." तिनं कात्रण पिशवीत ठेवलं. "भाचीचं लगीन झालंय, दोन लेकरं हायत. सासर मोठं हाय. त्यांच्यात आजून मी आळंदीलाच हाय."

मी म्हटलं, मग हा लेख राहू दे.

"छापा की. बाकीच्या बाया आत हायत आजून, त्यांचं कोन छापनार? तुमच्या त्या कायद्याचं बी छापा." दोरी बांधताना ती म्हणाली, "फकस्त या बारीला झाडं बदला. भाचीच्या सासरी पेपर येतो."

मी वही काढली. दुसरं कोणतं झाड घालू, विचारलं.

तिनं जरा विचार केला. "नारळ लिवा," ती म्हणाली. "त्ये बी पुन्यात दर दुसऱ्या बंगल्यात हायत."

म्हणून नारळ लिहिले आहेत. त्या घरामागे नारळ नव्हते.